नजरेच्या उंचीवर

साखरखेर्डा
१० नोव्हेंबर २०२४

प्रतीक्षाताई,

रागावलेल्या नणंदेला पत्र कसं सुरू करायचं हे मला माहेरी कुणी शिकवलं नाही, म्हणून सरळ विषयालाच हात घालते. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हं, हं" करता आणि ठेवून देता. शिवाय तुमच्या दादांना स्पीकर लावल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मग घरातली गोष्ट शेजारच्या गोठ्यापर्यंत जाते. पत्राचं तसं नाही. ठेवून दिलं तरी उद्या परत समोर येतं.

मामाजींच्या एकसष्टीला तुम्ही आलात, चार वर्षांनी बापाच्या या घराचा उंबरा ओलांडलात, आणि जेवायच्या आत निघूनही गेलात. तुमच्या वाटणीच्या पुरणपोळ्या मी डब्यात झाकून ठेवल्या होत्या. संध्याकाळी तुमच्या दादांनी त्या खाल्ल्या आणि वर तूपही मागितलं. भावाच्या दुःखाची खोली यावरून समजून घ्या.

चेष्टा पुरे. मी पाहिलं, ताई. मामाजी खुर्चीत बसले होते, गळ्यात हार, समोर पाया पडणाऱ्यांची लाइन. तुमची पाळी आली. तुम्ही वाकलात, त्यांच्या पायांवर हात ठेवलात, आणि ते तुमच्या डोक्यावरून सरळ मांडवाच्या दाराकडे बघत राहिले. आशीर्वादाचा हात तेवढा उठला, तो तर सगळ्यांसाठीच उठत होता. तुम्ही पदर तोंडाला लावून बाजूनं निघालात ते थेट बस स्टँडवर. मला एवढा संताप आला की आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. शेडनेटमध्ये दिवसभर या वाणाचा पराग त्या वाणाच्या फुलाला लावणारा माणूस, आणि लेकीनं आपल्या मनानं जोडीदार निवडला तर तोंडात मिठाची गुळणी धरतो.

त्यांचं हल्ली काही खरं नाही. बघतात तर नुसतं टक लावून, पापणीसुद्धा लवत नाही. गावात म्हणतात, एकसष्टी झाली अन् महादेवराव हवेत चालायले लागले.

धम्मदीपभाऊंना नमस्कार सांगा. तुम्ही मला रागानं का होईना, पण चार ओळी लिहा.

तुमची वहिनी,
छाया

—

नागपूर
२२ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुझं पत्र पर्समध्ये घालून कॉलेजला घेऊन गेले आणि दोन तासांच्या मधल्या वेळात वाचलं. पुरणपोळ्यांपाशी हसले, पुढं हसता आलं नाही.

तुला वाटतं मी रागावले आहे. राग असता तर बरं झालं असतं, तो निवळतो तरी. मी त्या दिवशी मनाशी ठरवून आले होते की बाबांकडे काही मागायचं नाही. धम्मदीपला मुद्दाम घरी ठेवलं होतं. आईच्या मागं राहिलेलं तिचं निळं पातळ नेसले होते. फक्त एकदा त्यांनी माझ्याकडं बघावं. बोलू नये, जवळ घेऊ नये, नुसतं बघावं. एवढीच माझी हाव होती.

बाबा बोलायचे कमी आणि बघायचे जास्त, हे तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुलाही कळलं असेल. लहानपणी मी मिरचीच्या ओळीत त्यांच्यासमोर बसायचे. उद्या उमलणारी कळी ते चिमट्यानं अशी उघडायचे की पाकळीला कळायचंही नाही. आतले नर केसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचे. मी घाई केली आणि कळी मोडली की ते रागवायचे नाहीत. झाडाच्या पलीकडून एकदा बघायचे. त्या एका नजरेत "मोडली तं मोडली, दुसरी घे" एवढं सगळं असायचं. दहावीचा निकाल लागला तेव्हाही नुसतं बघितलंच होतं.

आणि धम्मदीपचं सांगितलं त्या दिवशी, तुला आठवतं, ते अंगणात बाजेवर दोरे सोडवत बसले होते. मी समोर उभी होते. त्यांनी नजर खाली घातली ती वर केलीच नाही. मी बॅग घेऊन निघाले तरी ते दोरेच सोडवत होते. नागपूरला येईपर्यंत मी बसच्या खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

तेव्हा नजर खाली घालून, आता नजर डोक्यावरून नेऊन. दोन्हीचा अर्थ एकच. म्हणून वहिनी, बाबांबद्दल मला काही लिहू नकोस.

माझं ठीक आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवते, सध्या मेंदू चालू आहे. पुढच्या महिन्यात मध्यमेंदू. मुलं विचारतात, मॅडम, एवढ्याशा तुकड्याला इतकी नावं कशाला?

एकसष्टीला ऐकला तो बाबांचा खोकला थांबला का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

प्रतीक्षा

—

साखरखेर्डा
५ डिसेंबर २०२४

प्रतीक्षाताई,

त्यांच्याबद्दल लिहू नको म्हणता आणि खोकल्याचं विचारता. मी दुसरी आज्ञा पाळायचं ठरवलं आहे. खोकला आहे, पाणी पिताना जास्त येतो. आता खोकल्याच्या मागोमाग बाकीचंही येणारच, तुम्ही नाक मुरडलंत तरी.

मामाजींनी माझा जीव नकोसा केला आहे. ऐन क्रॉसिंगच्या, पराग लावायच्या दिवसांत त्यांनी मिरचीवर बहिष्कार टाकला. ज्या हातानं कधी पाकळी फाटली नाही, त्या हातानं परवा एका ओळीतल्या कळ्यांचा चुराडा केला. भलत्याच कळीला चिमटा लावतात, दोरा फांदीला बांधतात. बियाणे कंपनीचे साहेब आले होते, ते म्हणाले, काका आता आराम करा. मामाजी उठून पलीकडच्या शेडनेटमध्ये गेले, काकडीत. आणि ताई, तिथं तेच हात, तोच चिमटा, आणि एक फूल वाया जाईल तर शपथ! वर तारेला बांधलेल्या वेलांवरची छातीच्या वरची फुलं त्यांची. खालची माझी, कारण खालच्या फुलांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. मी म्हटलं, मामाजी, काकडी लाडाची अन् मिरची सावत्र का? तर म्हणाले, "मिरची दिसत नाही वं मले."

म्हणून डोळ्याच्या शिबिरात नेलं. तिथं चष्मा मिळाला, खालच्या अर्ध्या काचेतून जवळचं बघायचा. तो घातला की म्हणतात, हा काही कामाचा नाही, आणि गाईच्या गव्हाणीत ठेवून येतात. डोळे तपासले तर म्हणे चांगले आहेत.

जेवणाचं तर विचारू नका. ताटातली समोरची पोळी सापडते, पण अलीकडची, अगदी पोटाजवळची भाजी तशीच राहते. सदऱ्यावर वरण. मी एकदा चिडून म्हटलं, मी केलेली भाजी आवडत नसेल तर तसं सांगा. ते भांबावून माझ्याकडं बघत राहिले. पायरी उतरताना दोनदा चुकले. पडतात तेही आडवे नाही, सरळ मागं, उभं लाकडी खांड कोसळावं तसे. मान अशी ताठ की पोलीस पाटील समोरून "रामराम" करून वाकले तरी हे वरच्या वर निघून जातात. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? म्हणतात, गर्व झाला.

बघा, तुमच्या एकट्याशीच नाही, ते आता सगळ्या गावाशीच असे वागतात. यानं तुमचं दुःख कमी होत असेल तर करून घ्या.

छाया

—

नागपूर
११ डिसेंबर २०२४

वहिनी,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे. नीट वाच आणि दादालाही वाचायला दे, मोठ्यानं नको.

मी काल तास अर्धवट सोडून आले. फळ्यावर मध्यमेंदूची आकृती काढत होते. दर वर्षी काढते. मुलांना सांगत होते की मेंदूच्या तळाशी, मधोमध, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा हा तुकडा असतो. याच्या पाठीवर चार बारीक उंचवटे असतात. त्यातले वरचे दोन नजर वळवायला लावतात. दारात कुणी आलं की आपण विचार न करता तिकडं बघतो ना, त्यात त्यांचा मोठा वाटा. आत मधून एक बारीक नळी जाते, आणि तिच्या पुढ्यात पेशींचे पुंजके असतात, ते डोळ्यांचे बरेचसे स्नायू हलवतात. आणि त्यांच्याही थोडं वर, मोहरीच्या दाण्याची आठवण यावी एवढासा एक पुंजका आहे. त्याचं काम डोळ्यांना झटकन वर न्यायचं किंवा खाली आणायचं. डावीकडे-उजवीकडे बघायचा हुकूम याच्याकडून येत नाही, तो आणखी खालच्या भागातून येतो. म्हणून हा पुंजका बिघडला तर माणूस दोन्ही बाजूंना बघतो, पण त्याला खाली बघता येत नाही.

एवढं बोलले आणि खडू हातातच राहिला. काकडी दिसते, मिरची दिसत नाही. समोरची पोळी सापडते, पोटाजवळची भाजी नाही. चष्म्याची खालची काच कामाची नाही, कारण खालच्या काचेतून बघायला डोळे खाली जावे लागतात. मागं पडणं. पापणी न लवणं. पाण्यानं खोकला. वहिनी, तू चिडून लिहिलंस ते सगळं माझ्या पुस्तकात एका पानावर आहे.

आता तू एवढं कर. बाबांना भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसव. तुझं बोट त्यांच्या डोळ्यांसमोर धर आणि सांग, मान न हलवता बोटाकडं बघा. बोट बाजूला ने, वर ने, मग हळूहळू खाली. डोळे कुठं थांबतात ते बघ. नंतर त्यांना तुझ्या नाकाकडं बघायला सांग आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून हनुवटी हळूच वर उचल. जबरदस्ती नको. नजर तुझ्या नाकावर राहिली तर याचा अर्थ डोळे खोबणीत खाली वळले. हे वळवणं आपल्या मर्जीनं होत नाही, डोकं हललं की कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा ते करून घेते. तसं झालं तर स्नायू शाबूत आहेत, त्यांना हलवणाऱ्या नसा शाबूत आहेत, फक्त "खाली बघ" हा वरून निघालेला हुकूम वाटेत हरवतो आहे.

तुला खरं सांगू? हे उमगलं तेव्हा मला आधी आनंद झाला. मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि ते आनंदानं. बाबांनी मला नाकारलं नाही, त्यांना खाली बघताच येत नव्हतं, मी वाकले तिथं त्यांची नजर पोचतच नव्हती. घरी येईपर्यंत माझा आनंद ओसरला. हा आजार असेल तर काय काय होतं हे मला माहीत आहे. म्हणजे आपल्या बापाला असला आजार असावा असं मी मनापासून मागत होते. मला माझीच लाज वाटली. आणि तरी वहिनी, अजूनही आतून कुणीतरी म्हणतंय, असू दे, तोच असू दे.

हे बाबांना सांगू नकोस. उत्तर लवकर पाठव.

प्रतीक्षा

—

साखरखेर्डा
८ जानेवारी २०२५

प्रतीक्षाताई,

उत्तराला उशीर झाला, कारण अर्धवट उत्तर पाठवायचं नव्हतं. आता पूर्ण आहे.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मामाजींना भिंतीशी बसवलं. बोट बाजूला नेलं, डोळे आले, जरा उशिरा, पण आले. म्हणाले, "मले नंदीबैल काऊन करून राह्यली, छाया?" वर नेलं तर थोडे गेले. मग खाली आणू लागले. डोळे मध्यापर्यंत आले आणि थांबले. मी बोट आणखी खाली नेलं. ते समोरच बघत राहिले आणि हळूच विचारलं, "बोट हाये का अजून?"

मी हो म्हटलं.

मग त्यांचं डोकं हातांत धरलं. सुनेनं सासऱ्याचं डोकं धरायचं म्हणजे दोघंही लाजलो. म्हटलं, माझ्या नाकाकडं बघा. हनुवटी उचलली. मान लाकडासारखी, पण थोडी हलली. आणि नजर माझ्या नाकावरच राहिली, पापणी खाली आली, डोळे खोबणीत खाली आलेले मी कित्येक महिन्यांनी पाहिले. मी तशीच धरून बसले. सोडायचा धीर होईना.

छत्रपती संभाजीनगरला नेलं. मोठ्या मशीनमध्ये घातलं. डॉक्टरांनी तुम्ही लिहिलं तेच केलं, बोट आणि हनुवटी. मग फिल्म उजेडावर धरून दाखवली. म्हणाले, मेंदूचा हा मधला भाग वाळत चाललाय, त्यामुळं मधोमध कापलेल्या चित्रात चोच पुढं काढलेल्या पाखरासारखा दिसतो. मला दिसलं ते पाखरू. तुमचे दादा म्हणाले, दिसत नाही. त्यांना दिसलं होतं, कारण बाहेर येऊन ते फार वेळ गाडीच्या टपाला टेकून उभे होते. डॉक्टरांनी आजाराची तीन अक्षरं लिहून दिली, पीएसपी. म्हणाले, याला थांबवणारं औषध अजून नाही. पडू देऊ नका, घास बारीक द्या, पाणी सावकाश पाजा.

मामाजींना सगळं सांगितलं. लपवून काय करणार, ते समोरच बसले होते. परत येताना चिखली मागं पडल्यावर म्हणाले, "म्हंजे मिरची माह्यावर रुसली नव्हती."

आता माझ्याबद्दल. भाजी आवडत नाही का, असं मी ओरडले होते. ते तसंच उपाशी उठायचे आणि मी मनात म्हणायचे, नखरे. आता ताट स्टुलावर, त्यावर पाट, त्यावर पुन्हा डबा, असं छातीइतकं उंच ठेवते. परवा सगळी भाजी संपली. मी आत जाऊन रडले आणि बाहेर येऊन म्हटलं, आज बरी आवडली! तुमच्या दादांनी मिरचीची रोपं पिशव्यांत लावून शेडनेटमध्ये टेबलावर चढवली आहेत. मामाजी त्यांच्यासमोर उभे राहून दोरे बांधतात. मागं कुणीतरी लागतंच, म्हणून मी कंबरेला धरून उभी असते.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहिते आहे. काल मिरचीशी उभे असताना ते एकदम म्हणाले, "छाया, तुले एक इचारू? एकसष्टीले प्रतीक्षा लाइनीतून काऊन निघून गेली? पाया पडायची नव्हती, तं आली काऊन?"

मी म्हटलं, निघून नाही गेल्या, पाया पडल्या त्या. ते म्हणाले, "नाही. म्या तिचीच वाट पाहत होतो. लाइनीत दिसली, पुढं पुढं आली, अन् मंग दिसलीच नाही. मंग पाठमोरी जाताना दिसली. म्या समजलो, माह्यापुढं वाकायचं तिच्या मनात नसंन. तिचंही काय चुकलं."

ताई, तुम्ही दोघंही दोन महिने एकाच गोष्टीवर झुरत बसलात.

छाया

—

नागपूर
१५ जानेवारी २०२५

वहिनी,

"म्या तिचीच वाट पाहत होतो." मी हे वाक्य धम्मदीपला वाचून दाखवलं, मग त्यानं मला वाचून दाखवलं. त्यालाही नीट वाचता आलं नाही.

तू डोकं धरलंस. मी सांगितलं, आणि केलंस तू. माझ्या हातांना ते काम हवं होतं. मी रोज बरणीतले मेंदू हातात घेते, ते थंड असतात, फॉर्मलिनचा वास येतो. काल मध्यमेंदूचा काप मुलांसमोर धरला तेव्हा मला तो नुसता काप वाटेना. कुणाच्या तरी बापानं याच्या जोरावर आयुष्यभर आपल्या लेकीकडं बघितलं असेल, असं आलं मनात.

पुढचं तुला माहीत असायला हवं. आधी खालची नजर जाते, मग वरची, पुढं बाजूचीही. बोलणं जड होतं. गिळणं अवघड होतं. किती दिवसांत, ते कुणी सांगू शकत नाही, प्रत्येकाचं निराळं. कळत मात्र सगळं असतं, फक्त उत्तर यायला वेळ लागतो. तेव्हा त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही तर थांब, दुसरा प्रश्न विचारू नको. घरातल्या पायऱ्यांना कठडा लावा. विहिरीकडं एकटं सोडू नका.

मला आजच्या आज निघायचं आहे. बॅग काढून पलंगावर ठेवली आहे. काल त्यात कपडे भरले आणि रात्री परत काढले. का, ते सांगते.

एकसष्टीची गाठ सुटली. पण त्याआधीची चार वर्षं आहेतच. तेव्हा बाबांचे डोळे ठणठणीत होते. मी समोर उभी होते आणि त्यांनी आपण होऊन नजर खाली घातली. तिथं मला माझ्या पुस्तकातलं कुठलंही पान उपयोगी पडत नाही. आजारी माणसाची दया येऊन मी आले, किंवा आजारानं हतबल होऊन त्यांनी मला येऊ दिलं, असं मला नको आहे. आणि मी आता एकटी येणार नाही. मागच्या वेळी धम्मदीपला घरी ठेवून आले, ते मला आजही बोचतं. तरी त्यानं माझ्या पातळाची घडी नीट करून दिली होती.

बाबांची नजर आहे तोवर मला त्यांना दिसायचं आहे, वहिनी. याहून मोठी इच्छा मला सध्या नाही. जागेपणी तीच, झोपेत तीच. पण त्यांना मी दिसायला हवी आहे का? आम्ही दोघं? हे एवढं पत्र त्यांना वाचून दाखव. गाळू नकोस. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही, गोड करून नको. तुझी सवय मला माहीत आहे.

प्रतीक्षा

—

साखरखेर्डा
२३ जानेवारी २०२५

प्रतीक्षाताई,

वाचून दाखवलं. गाळलं नाही. चार वर्षांपाशी मी अडखळले तर ते म्हणाले, "वाच, वाच."

पुढं बराच वेळ काही नाही. तुम्ही लिहिलं होतं म्हणून थांबले, नाहीतर मी आतापर्यंत तीन प्रश्न विचारून मोकळी झाले असते. शेवटी म्हणाले, "कागद दे." मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. तर म्हणाले, "तू गोड करशीन." बापलेक सारखेच!

मांडीवर पाटी ठेवून लिहायला गेले, पेन कागदावर जाईना. दोनदा बाजेवरच रेघ मारली. मग स्वतःच उठले आणि काकडीच्या शेडनेटकडे बोट केलं. तिथं वेल बांधायच्या लोखंडी पाइपाला आम्ही पुठ्ठा बांधला, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि त्यावर कागद चिमट्यानं लावला. डाव्या हातानं पाइप धरून, उभ्यानं, थांबत थांबत त्यांनी लिहिलं. मागून मी कंबरेला धरलं होतं, म्हणून काय लिहितात ते मला दिसलं नाही. तुमच्या दादांनी धरू का म्हटलं तर मामाजी म्हणाले, "तू सरक, गोविंदा, उजेड अडते."

नंतर मी वाचलं नाही. तसाच घडी घालून सोबत पाठवते आहे. अक्षर पुढं पुढं बारीक होत गेलं आहे, एवढं घडी घालताना दिसलं.

छाया

—

चि. प्रतीक्षाले,

मले लिहायची सवय नाही. छायानं तुझं पत्र वाचलं. मेंदूचं समजलं नाही, बाकी समजलं.

चार वर्षांचं इचारलं. ते बिमारीनं नाही झालं. ते म्या केलं. तू समोर उभी होती. लोक काय म्हणतीन, हेच डोक्यात होतं, म्हणून तुह्याकडं पाह्यची हिंमत झाली नाही अन् नजर खाली घातली. तेव्हा जात होती खाली. तू गेल्यावर रोज सडकेकडं पाहत बसलो. फोन करायचा होता, केला नाही. बापपणा आडवा आला.

एकसष्टीले तू लाइनीत दिसली. मायचं निळं पातळ. मंग दिसेना. पायाले हात लागत होते, एकामागं एक. कोणाचा खरबरीत, कोणाचा घाईचा. त्यात एक हात गार होता अन् तो लवकर निघेना. मले वाटलं, हा माह्या पोरीचा असंन. म्या पाह्यची लय कोशिस केली. डोळे खाली आलेच नाही. मंग म्या मनाले समजावलं, तिचा कसा असंन, ते तं निघून गेली.

आता छाया म्हणते, तोच होता.

जावयाले घेऊन ये. त्याले म्या एकदाही धड पाह्यलं नाही. तुले डोळे भरून पाह्याले चार वर्षं होऊन गेली.

अन् एक सांगतो ते दोघं ध्यानात ठेवा. दारात आले की पाया पडू नका. वाकली की तू मले दिसत नाही. ताठ उभी राह्य, माह्या समोर. मले पाहू दे.

तुझा बाप,
महादेव